मामांच्या फाटकासमोर

मामांना खरी भाची एकही नव्हती. पण जुन्या गाड्यांच्या त्यांच्या आवारात पाय ठेवणारा प्रत्येक पुरुष त्यांचा भाचा आणि प्रत्येक बाई त्यांची भाची. "मामाकडून गाडी घेतलीस ना, आता काळजी मामाला," असं म्हणत ते पाठीवर थाप मारायचे. गावातली थट्टेखोर मंडळी म्हणायची, हा माणूस सगळ्यांचा मामा आहे आणि सगळ्यांना मामा बनवतो. पण म्हणायची ती हसत, आणि गाडी घ्यायची वेळ आली की मामांच्याच फाटकातून आत शिरायची. मामा गोड बोलायचे, चहा पाजायचे आणि गाड्या अशा लख्ख पुसून उभ्या करायचे की माणूस काचेत स्वतःचा चेहरा बघून खूश व्हायचा.

मास्तरही असेच खूश झाले होते. मास्तर म्हणजे गाडी शिकवणारे मास्तर. निम्मं गाव त्यांच्या शेजारी बसून क्लच सोडायला शिकलं होतं. त्यांच्याकडे शिकलेला माणूस कुठेही ओळखू यायचा. वळायच्या आधी तो आरसा बघायचा, शिवाय मानही मागे फिरवायचा. बायको गेल्यावर मास्तरांना घर खायला उठत असे, म्हणून ते सकाळपासून दिवे लागेपर्यंत शिकवणीच्या गाडीतच असत. ती जुनी झाली तेव्हा त्यांनी मामांकडून एक पांढरी गाडी घेतली.

पुढच्या महिन्यात एका सकाळी मामांच्या आवारापुढच्या उतारावरून खाली पुलाकडे जाताना ती पांढरी गाडी वळणावर वळलीच नाही. सरळ जाऊन पाण्याच्या टाकीच्या भिंतीवर आदळली. मास्तर गाडीत एकटेच होते. त्यांचा खुबा मोडला.

सगळ्यात आधी धावत गेले ते मामा. त्यांनीच मास्तरांना बाहेर काढलं, त्यांनीच रुग्णवाहिका बोलावली, आणि पोलिसांना माहितीही त्यांनीच दिली. "वय झालंय हो मास्तरांचं," ते हळहळत म्हणाले. "सकाळी सकाळी डुलकी लागली असणार. माणूस देव आहे, पण झोप कोणाला चुकलीय?" दुपारी गाडी स्वतःच्या क्रेनने उचलून ते आवारात घेऊन गेले. संध्याकाळी इस्पितळात येऊन म्हणाले, "मास्तर, ते भंगार आता तुमच्या डोळ्यांसमोर नको. मी बघतो त्याचं." गुंगीत असलेल्या मास्तरांनी मान हलवली.

मास्तरांची मुलगी त्या वेळी दुसऱ्या शहरात होती. एका विमा कंपनीसाठी ती अपघात झालेल्या गाड्या तपासायची, म्हणून घरात आणि गल्लीत तिला सगळे तपासनीस म्हणत. निरोप मिळताच ती निघाली. इस्पितळात वडिलांचा हात हातात घेऊन तिने पहिला प्रश्न विचारला, "बाबा, झालं काय?"

"वळवलं," मास्तर म्हणाले. "मी वळवलं होतं गं. चाक माझ्या हातात नुसतंच फिरलं."

ती तशीच उठली आणि मामांच्या आवारात गेली. पांढऱ्या गाडीचे तोपर्यंत तुकडे झाले होते. पत्रा एकीकडे, इंजिन एकीकडे, आणि स्टिअरिंगपासून चाकांपर्यंत जाणारा दांडा कुठेच नव्हता.

"अगं भाची, सांगायचं ना आधी!" मामा कपाळावर हात मारून म्हणाले. "कालच गेलं सगळं वितळवायला."

पुरावा इतक्या घाईने कोण वितळवतो, हे तिला नोकरीने शिकवलं होतं. पण पुरावा नसला की काय होतं, तेही शिकवलं होतं.

मास्तरांचा परवाना रद्द झाला. शिकवणी बंद पडली. लोक भेटायला यायचे, खुर्ची ओढून बसायचे, आणि बोलता बोलता म्हणायचे, "वयाचा परिणाम आहे मास्तर, मनाला लावून घेऊ नका." पहिल्यांदा मास्तर चिडून सांगायचे, मी जागा होतो. मग नुसतंच सांगायचे. मग एक दिवस, मुलगी त्यांच्या पायाला पट्टा बांधत असताना, ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "लागलीही असेल गं डुलकी. इतके लोक म्हणतात."

तिच्या हातातला पट्टा तसाच राहिला. खुबा मोडला ते तिने सोसलं होतं. पण स्वतःच्या हातांवर ज्याचा इतका विश्वास, तो माणूस आता स्वतःवरच संशय घेत होता. त्याच क्षणी तिने मनाशी पक्कं केलं की मामांच्या तोंडून खरं वदवायचं, तेही बाबांना ऐकू जाईल असं. त्याला कितीही वेळ लागो.

तिने नोकरी सोडली. मामांच्या फाटकाच्या बरोबर समोर, रस्त्यापलीकडे, एका शिंप्याचं बंद पडलेलं दुकान होतं. ते तिने भाड्याने घेतलं. आत टेबल ठेवलं, पुढे बाकडं टाकलं. टेबलावर बॅटरी, लोहचुंबक आणि लांब दांड्याचा आरसा. दारावर पाटी लावली: "गाडी घेताय? गाडी बिघडलीय? आधी इथे विचारा. फुकट."

पहिले काही दिवस बाकड्यावर फक्त एक कुत्रं झोपायचं. मग बेकरीवाला आला. चढावर एसी लावला की त्याची गाडी धापा टाकायची. तिने बोनेट उघडून गॅसची नळी, पट्टा, हवेची जाळी बघितली आणि जाळीतून उंदराचं अख्खं घरटं काढून त्याच्या हातावर ठेवलं. बेकरीवाल्याने ते गावभर दाखवलं. मग लोक यायला लागले. ब्रेक दाबला की किंचाळतो. गिअर टाकताना दात खाल्ल्यासारखा आवाज येतो. मेव्हणा म्हणतो डिझेल घे, बायको म्हणते पेट्रोल, तुम्ही काय म्हणता? एक आजोबा तर रोज यायचे आणि रोज नवीन आवाज सांगायचे. शेवटी कळलं, आवाज गाडीचा नव्हताच, डिकीत ठेवलेल्या चालण्याच्या काठीचा होता.

आणि अधूनमधून कोणीतरी यायचं आणि समोर बोट दाखवायचं. "मामांकडे एक निळी गाडी बघितलीय. बघून सांगाल?"

ती बॅटरी आणि चुंबक उचलून रस्ता ओलांडायची. चुंबक दारावर फिरवायची. जिथे ते चिकटायचं नाही तिथे पत्र्याचा खड्डा लपवायला लांबी, म्हणजे पुटी, भरलेली असायची. आसनाखालचा गालिचा उचलून पुराच्या पाण्याने आणलेली माती बोटावर घ्यायची आणि गिऱ्हाइकाला दाखवायची. मामांशी भांडायची नाही, आवाजही चढवायची नाही. गाडी चांगली असेल तर चांगली म्हणायची. सूड घेताना खोटं बोलावं लागत नाही, याचं तिला मोठं सुख वाटायचं. दर वेळी गिऱ्हाईक फाटकाबाहेर पडलं की ती एकदा मागे वळून मामांच्या चेहऱ्याकडे बघून घ्यायची, आणि त्या दिवशी तिला जेवण गोड लागायचं.

मामा आधी बिस्किटांचा पुडा घेऊन आले. "भाची, हे हुन्नर असं रस्त्यावर कशाला वाया घालवतेस? माझ्याकडे ये. तू पास केलेली गाडी म्हटल्यावर लोक डोळे मिटून घेतील."

"तेच तर नको आहे, मामा," ती म्हणाली. "उघडे ठेवूनच घेऊ दे."

मग मामांनी तिच्या दुकानाच्या मालकाचे कान भरले. त्या मालकाची गाडी तिनेच रुळावर आणली होती, त्यामुळे त्याने एका कानाने ऐकलं आणि दुसऱ्याने सोडून दिलं. मग पाटी दिसू नये म्हणून मामांनी दुकानापुढे एक मोडका ट्रक आणून लावला. तिने टेबल उचलून ट्रकच्या पुढे, भर रस्त्याकडेला मांडलं. आता ते पूर्वीपेक्षा लांबून दिसायला लागलं.

मामांचं आवार ओस पडत चाललं. मधुर बोलणं तेच, चहा तोच, पण पाठीवर थाप मारायला पाठ मिळेना. विक्री घटली तशी गाड्यांची डागडुजी करून विकण्यातली घाईही वाढली. त्या घाईनेच ते फसले.

एक परिचारिका आली. रात्रपाळी करून दमलेली, डोळे लाल. तिला रोज दूरच्या इस्पितळात जायला गाडी हवी होती. मामांकडची चंदेरी गाडी तिला पसंत पडली होती. तपासनीस रस्ता ओलांडून गेली. पत्रा ठीक होता. आसनं ठीक होती. मग पुढच्या चाकाच्या वरून तिने दांड्याचा आरसा आत घातला आणि बॅटरी लावली.

स्टिअरिंगच्या दांड्याला मधोमध जोड होता. तुटलेला किंवा वाकलेला दांडा कापून, वेल्डिंग करून, घासून, वर काळा रंग मारलेला. रंगाखाली वेल्डिंगचा फुगवटा केसाएवढाच, पण आरशात स्पष्ट. असा जोड शंभरदा वळताना टिकतो आणि एकदा सुटतो. मग चाक हातात नुसतंच फिरतं.

तिच्या कानात वडिलांचे शब्द वाजले. तिने आरसा पुन्हा आत घालून जोड दुसऱ्यांदा बघितला.

"काय गं, काय दिसलं?" मामांनी विचारलं.

"काही नाही," ती म्हणाली. इतक्या दिवसांत ती मामांशी पहिल्यांदाच खोटं बोलली. "बरी वाटतेय. ह्या बाई शनिवारी येऊन चालवून बघणार म्हणतात."

रस्ता ओलांडून आल्याबरोबर तिने परिचारिकेला सगळं सांगून टाकलं. परिचारिका मटकन बाकड्यावर बसली. मग विचारलं, "मग आपण पोलिसांकडे का नाही जात?"

"जाऊ. पण पोलिसांना ह्या गाडीचं कळेल. माझ्या वडिलांच्या गाडीचं नाही. ते एकच माणूस सांगू शकतो. तुम्ही शनिवारी नुसत्या येऊन उभ्या राहाल?"

परिचारिकेने लाल डोळे पुसले. "उभी राहते. हाडं मोडलेली माणसं मी रोज बघते."

मास्तरांना यायला राजी करणं अवघड गेलं. "त्या रस्त्याला मला जायचं नाही," ते म्हणाले. मग तिने त्यांना आरशात काय दिसलं ते सांगितलं. मास्तरांनी तिला ते दोनदा सांगायला लावलं. मग उठून, काठी टेकत, त्यांनी कपाटातून शिकवणीला जाताना घालायचा इस्त्रीचा शर्ट काढला.

शनिवारी आवारात बऱ्यापैकी लोक होते. काही मामांकडे आलेले, काही तिच्या बाकड्यावरून कुतूहलाने उठून मागे आलेले. काठी टेकत मास्तर फाटकातून आत आले तेव्हा मामांचा चेहरा एक क्षण उतरला, मग पुन्हा जागेवर आला.

"मास्तर! या, या! अरे, खुर्ची आणा रे!"

"बसायला नाही आलो," मास्तर म्हणाले. "ह्या बाईंना गाडी घ्यायचीय. म्हटलं, मी चालताना बघतो. उतारावरून खाली पुलापर्यंत आणि परत. तू चालव."

"मी कशाला? माझा माणूस आहे ना—"

"मालकाने चालवलेली बरी."

मामा हसले. किल्ली सापडत नाही म्हणाले. परिचारिका म्हणाली, ती तर गाडीलाच लटकतेय. बॅटरी उतरली असेल म्हणाले. तपासनीस रस्त्यापलीकडून गाडीची एक चार्ज केलेली बॅटरी आणि वायरी घेऊन आली. पण त्यांची गरजच पडली नाही, गाडी एका झटक्यात सुरू झाली. मग मामा म्हणाले, पाठ धरलीय. बेकरीवाला गर्दीतून म्हणाला, "मामा, सकाळी तर ट्रक ढकलत होता!" लोक हसले. हसण्याला आता थोडी धार होती. मामा गाडीत बसले.

ठरलं असं होतं की त्यांना एकट्यालाच गाडी फाटकाबाहेर न्यायला लावायची. पण मास्तर काठी टेकत पलीकडे गेले, दार उघडलं आणि मामांच्या शेजारी बसले. इतकी वर्षं ज्या आसनावर बसून शिकवलं, त्याच आसनावर. पट्टा ओढून लावला.

तपासनीस धावत खिडकीशी आली. "बाबा, उतरा. हे ठरलं नव्हतं."

"तू बाजूला हो," मास्तर म्हणाले.

"बाबा!"

"बाजूला हो म्हटलं ना." आणि मामांकडे वळून, अगदी नव्या शिकाऊला सांगावं तशा शांत आवाजात, "क्लच दाब. पहिला गिअर. आरसा बघ. हं, सोड हळूहळू."

गाडी रांगत फाटकाबाहेर पडली. माणसं दोन्ही बाजूंनी तिच्याबरोबर चालत होती. तपासनीस खिडकीला हात लावून चालत होती. आपण हे काय करून बसलो, असं तिच्या मनात आलं, आणि तरीही थांबवावंसं वाटलं नाही, याची तिला भीती वाटली. उताराच्या तोंडाशी मामांनी ब्रेक दाबला. खाली वळण दिसत होतं, वळणापलीकडे टाकीची भिंत, भिंतीवर सिमेंटचं नवं ठिगळ.

"ब्रेक सोड," मास्तर म्हणाले.

मामांनी सोडला नाही. कपाळावरून घाम ओघळून भुवईत थांबला होता.

"सोड की. गाडी चांगली आहे ना? ह्या बाईला देत होतास ना?"

"मास्तर..."

"थांबलास का? डुलकी लागली का?"

मामांनी हँडब्रेक इतक्या जोरात ओढला की गाडी हलली. "मास्तर, मला घरी मुलगी आहे हो."

"मलाही आहे," मास्तर म्हणाले. "ती बघ. माझ्या खिडकीशी उभी आहे. काय आहे ह्या गाडीत ते तिला सांग."

"जोड आहे," मामा पुटपुटले.

"मला नीट ऐकू येत नाही. वय झालंय."

"दांड्याला जोड आहे! स्टिअरिंगच्या दांड्याला जोड आहे!"

"आणि माझ्या गाडीत?"

गर्दी खिडक्यांच्या आणखी जवळ सरकली. परिचारिकेने हातातला मोबाइल उंच धरला होता. मामांनी चाकावर डोकं टेकलं.

"तुमच्यातही होता," ते म्हणाले. "मला माहीत होतं. तुम्ही झोपला नव्हता, मास्तर."

मास्तरांनी डोळे मिटले. मग पट्टा काढला, दार उघडलं आणि मुलीने पुढे केलेला हात बाजूला सारून स्वतःच्या काठीवर खाली उतरले. जमलेल्यांत त्यांच्या हाताखाली शिकलेले कितीतरी होते. ते एकेकाच्या तोंडाकडे बघत गेले, आणि ज्याच्याकडे बघितलं त्याने मान खाली घातली. घरी परतताना ते एकच वाक्य बोलले, आणि तेही जरा मिजाशीत. "चाक माझ्या हातात फिरलं, असं मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं."

पुढचं सगळं भराभर झालं. पोलिसांनी चंदेरी गाडी नेली, मग आवाराला कुलूप लागलं. मामांकडून गाड्या घेतलेल्या लोकांची तपासनीसच्या टेबलापुढे रांग लागली, आणि आणखी दोन गाड्यांत तसेच जोड सापडले. मामांवर खटला उभा राहिला. जामिनावर सुटून आल्यावर त्यांना कोणी मामा म्हणेना. मास्तरांना परवाना परत मिळाला. गाडी चालवायला खुबा साथ देत नव्हता, म्हणून बेकरीवाल्याच्या मुलीला त्यांनी शेजारी बसून शिकवायला सुरुवात केली.

तपासनीसने टेबल हलवलं नाही. कुलूप लागलेलं फाटक समोर बघत काम करायला तिला आवडायचं. लोक म्हणायचे, आता झालं ना मनासारखं, सोडून दे. ती हो म्हणायची. सोडत मात्र नव्हती.

एका दुपारी तो जुना गाडीवाला, एकेकाळचा सगळ्यांचा मामा, तिच्या बाकड्यावर येऊन बसला. वाळला होता. बाहेर एक छोटी लाल गाडी उभी होती, दुसऱ्या एका विक्रेत्याने बघायला दिलेली. त्याच्या मुलीला दूर नोकरी लागली होती, तिच्यासाठी घ्यायची होती.

"मला आतलं सगळं माहीत आहे," तो खालच्या आवाजात म्हणाला. "कोण कुठे काय लपवतो ते. म्हणूनच माझ्या डोळ्यांवर माझा विश्वास बसत नाही. प्रत्येक गाडीत मला जोडच दिसतो. तू बघ. तू सांगशील ते."

तिने त्याला बसवून ठेवलं. त्याच्यानंतर आलेल्या प्रत्येकाला आधी घेतलं. ब्रेकवाल्याला घेतलं, टायरवाल्याला घेतलं, काठीवाल्या आजोबांचा नवा आवाज सावकाश ऐकून घेतला. येणारा-जाणारा त्याला ओळखत होता आणि तो मान खाली घालून बसला होता. ऊन कलल्यावर ती उठली.

लाल गाडी तिने कधी नव्हे इतकी बारकाईने तपासली. दारं, खांब, गालिचा, तळ. आरसा आत घालून दांडा इंच इंच बघितला. जोड कुठेच नव्हता. इंजिन स्वच्छ, ब्रेक नवे. गेल्या कित्येक महिन्यांत इतकी निर्मळ गाडी तिच्यापुढे आली नव्हती. तो तिच्या मागे मागे फिरत होता आणि गाडीपेक्षा तिच्या चेहऱ्याकडे जास्त बघत होता.

ती हात पुसत उभी राहिली. "चांगली आहे," ती म्हणाली. "घ्या."

तो तिच्याकडे बघत राहिला. "खरंच?"

ती काही बोलली नाही.

"माझी मुलगी बसणार आहे त्यात. रोज. खरं सांगतेयस ना?"

तिने नजर हलवली नाही, हसली नाही, मानही डोलावली नाही. बॅटरी आणि आरसा घेऊन ती टेबलाशी परतली आणि बाकड्यावरच्या पुढच्या माणसाला म्हणाली, "हं, बोला, काय त्रास देते गाडी?"

त्या माणसाचं ऐकताना तिला मागचं सगळं दिसत होतं. तो लाल गाडीभोवती फिरत होता. वाकून चाकाच्या वर बघत होता, उठत होता, पुन्हा वाकत होता. गाडीच्या दारावर हात ठेवायचा आणि उचलायचा. तिने दुकान बंद करून कुलूप लावलं तेव्हाही तो तिथेच होता, किल्ली मुठीत धरून.